गिंब्री : तारा कोणत्या, सूर कसा?
मोरोक्कोच्या गनावा मंडळींचे गिंब्री हे तीन तारांचे वाद्य. कोरलेल्या लाकडी खोक्यावर उंटाचे कातडे ताणलेले असते. गनावा परंपरा २०१९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

तारा मूळच्या बकरीच्या आतड्याच्या. आता नायलॉनही चालते. आतड्याचा आवाज भरदार, पण दमट हवेत सूर हलतो. नायलॉन जास्त टिकते.

सर्वांत खालच्या सुराची तार 'सा' मानली, तर आखूड तार वरचा 'सा' आणि तिसरी 'मध्यम'. आखूड तार बोटाने दाबत नाहीत, मोकळीच छेडतात. दांड्यावरची चामड्याची कडी सरकवून सूर लावतात.

'सा' कोणता धरावा? आम्ही म्हणू, गाणाऱ्या उस्तादाच्या गळ्याला झेपेल तो.