पत्री, माटोळी आणि नेवरी : गोमंतकातील चवथीची घरकला

गोमंतकातील देवस्थानांचा इतिहास लिहू लागले की लेखणी साहजिकच स्थलांतराच्या कथेकडे वळते. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा श्रीरामनाथ बांदोड्यास. दिवाडी बेटावरचा गणपती तर प्रथम खांडेपारास व तेथून खांडोळ्यास गेला. या कथा महाजन-घराण्यांतील मुलांनाही तोंडपाठ असतात आणि स्मरणिकांतून त्या पुनःपुन्हा छापल्या जातात. परंतु देव नदीपलीकडे गेले तरी त्यांचे सर्वच कुळावी त्यांच्यामागून गेले नाहीत. व्यापार, जमीनजुमला, सरकारी मक्ते यांच्या पाशाने कित्येक कुटुंबे जुन्या काबिजादीतच राहिली. त्यांच्या घरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला काय होत असे? जेथे देऊळ उरले नाही, मूर्ती उघडपणे आणण्याची सोय नाही आणि वाजतगाजत विसर्जन करणे तर कल्पनेपलीकडचे, तेथे हा सण जिवंत कसा राहिला? या प्रश्नाचे उत्तर सनदांत किंवा फोरालांत शोधून सापडावयाचे नाही. ते माळ्यावर बांधून ठेवलेल्या लाकडी चौकटीत, हळदीच्या पानात आणि नेवरीच्या मुरडीत आहे.

कालक्रम वाचकांस परिचित आहे. तो येथे थोडक्यात सांगितला म्हणजे पुरे. १५१० साली तिसवाडी पोर्तुगिजांच्या हाती गेली व १५४० च्या सुमारास तेथील देवळे पाडण्यात आली. १५४३ साली साष्टी व बारदेश त्यांच्या ताब्यात आले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले आणि १५६७ साली साष्टीतील देवळांचा विध्वंस झाला. अंत्रुज महाल पोर्तुगिजांकडे आला तो १७६३ साली, आणि त्या वेळी तेथील देवळे व रूढी अबाधित ठेवण्याचे अभिवचन देणे राज्यकर्त्यांना भाग पडले. इन्क्विझिशन १७७४ साली बंद झाले, थोड्याच वर्षांत पुन्हा सुरू झाले व १८१२ साली कायमचे संपले. पूर्ण धर्मस्वातंत्र्यासाठी मात्र १९१० सालच्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाची वाट पाहावी लागली.

या दीर्घ काळातील एक कागद घरकलेच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. १७३६ साली इन्क्विझिशनने एक विस्तृत जाहीरनामा काढला. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा परिचय करून दिला आहे. हा जाहीरनामा मुख्यतः नवख्रिस्ती लोकांना उद्देशून होता. त्यांच्या घरांत रेंगाळत राहिलेल्या हिंदू रूढी उपटून काढणे हा त्याचा हेतू. पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, परसात तुळस ठेवू नये, लग्नात ओव्या म्हणू नयेत, लग्नप्रसंगी विडासुपारी वाटू नये, एकादशी पाळू नये, इतकेच नव्हे तर भात मिठावाचून शिजवू नये, असे त्यात बजावले होते. भातात मीठ केव्हा पडते याची चिंता एखाद्या धर्मन्यायासनाने करावी, हे आज वाचताना हसू येते. पण त्या न्यायासनाची नजर चुकीच्या जागी नव्हती. सत्ताधाऱ्यांना एक गोष्ट पक्की उमगली होती आणि ती आपल्या इतिहासकारांच्या मात्र फारशी लक्षात आलेली नाही : देऊळ पाडता येते, पण धर्म जर चुलीपाशी, परसात आणि जात्यावरच्या ओवीत राहत असेल, तर तो पाडावयाचा कसा?

चवथीच्या बाबतीत हेच घडले. अंत्रुज, तिसवाडी व अन्य भागांतील काही घराण्यांत आजही मातीची मूर्ती आणीत नाहीत. कोठे कागदावर रंगविलेला गणपती पूजतात, कोठे निरनिराळ्या पत्रीची जुडी बांधून तिलाच गणपती मानतात, तर कोठे नारळाची स्थापना करतात. इन्क्विझिशनच्या भयाने ही प्रथा पडली, असे ती घराणी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. प्रत्येक घराच्या बाबतीत ही परंपरा लेखी पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, आणि कागदाचा प्रत्येक गणपती सोळाव्या शतकापर्यंत नेऊन भिडविण्याचा उत्साह आवरलेलाच बरा. तथापि परंपरेतील तर्क बळकट आहे. मातीची मूर्ती चिताऱ्याच्या शाळेतून रस्त्याने आणावी लागते आणि ती पुन्हा चारचौघांदेखत पाण्यापर्यंत न्यावी लागते. कागदाची घडी पेटीत बसते. पत्रीची जुडी दाराशी कोणी आलेच तर गुरांच्या चाऱ्यात मिसळून जाते. शिवाय गणेशपूजेत एकवीस पत्री वाहण्याचा विधी मुळात आहेच. तेव्हा जी पत्री देवाला वाहावयाची तीच देव झाली, यात शास्त्राला फारसा धक्काही लागत नाही. आपत्काली जे सुचले ते सहज हाताशी असलेल्या वस्तूंतून सुचले, हे त्यातील मर्म होय.

चवथीच्या घरकलेचा मुकुटमणी मात्र माटोळी. घाटावर किंवा इंदूर-ग्वाल्हेरीकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत मखराचा थाट असतो. गोमंतकात मखर असो वा नसो, माटोळीवाचून गणपती बसत नाही. लाकडी पट्ट्यांची चौकट देवाच्या डोक्यावर आढ्याला टांगतात व तिला आदल्या दिवशी, म्हणजे तयेच्या दिवशी, फळे, फुले व रानभाज्या बांधतात. बांधावयास सुतळी चालते, पण जाणती माणसे केवणीच्या सालीचा वाख काढून आणीत. तो पाण्यात भिजविला की मऊ होतो, आणि वाळला की गाठ अशी आवळते की पाच-सात दिवस जड नारळाची पेंड तसूभर खाली येत नाही.

माटोळीची रचना वरवर पाहणाऱ्यास स्वैर वाटते. तशी ती नसते. वजनाच्या वस्तू, म्हणजे नारळाची पेंड, केळ्यांचा घड, सुपारीचे शिंपुट, तोरिंजन, चिबूड व काकडी, या चौकटीच्या कोपऱ्यांशी व जोडांवर बांधावयाच्या, म्हणजे भार समतोल राहतो. मधल्या जागेत रानातील हलका माल : कवंडळाची तांबडी फळे, वाऱ्याने खुळखुळणाऱ्या घागऱ्या, कांगोण्यांचे पिवळे घोस, नागलकुड्याची जोडफळे, आंबाडे, शेरवडाची पांढरी पाने, कळलावीची अग्निज्वाळेसारखी फुले. यांतील काही पदार्थ खाण्याचे, काही औषधी आणि काही चक्क विषारी आहेत. कळलावीचा कंद किती घातक हे गावच्या वैद्यास पूर्वापार ठाऊक होते, आणि कवंडळ कोणी तोंडात घालू नये हे घरातील मुलास माटोळी बांधतानाच सांगितले जाई. मुलगा आजोबांबरोबर डोंगरावर जाई, कोणता वेल कोणत्या पाणंदीवर असतो ते पाही, आणि घरी येऊन नावानिशी एकेक वस्तू आजीच्या हाती देई. लिसेवच्या वनस्पतिशास्त्राच्या तासाला पाने फळ्यावर काढून शिकवीत. चवथीचा हा तास रानात भरे आणि त्यास परीक्षा नसे. गावच्या भूमीत भाद्रपदात काय पिकते व काय उगवते याची दरवर्षी घेतली जाणारी ही खानेसुमारीच होती. ती कोणी लिहून ठेवली नाही, कारण दर वर्षी ती पुन्हा टांगली जात असे.

खाद्यपदार्थांत पातोळीचा मान वेगळा आहे, कारण ती दोन्ही धर्मांच्या चुलींवर शिजते. सुरय तांदूळ भिजवून दाट वाटावेत, किंचित मीठ घालून ते पीठ हळदीच्या पानावर बोटांनी पातळ पसरावे, अर्ध्या भागावर गूळखोबऱ्याचे वेलची घातलेले चून घालावे, पान मधल्या शिरेवर दुमडावे आणि वाफेवर ठेवावे. पाव तासात घर सुगंधाने भरून जाते. उलथणे नको, साचा नको, तूपही नको. हळदीचे पान मात्र हवेच, आणि ते श्रावण-भाद्रपदातच असे रुंद व रसरशीत मिळते. म्हणून नागपंचमीस व तयेस हिंदू घरांत पातोळ्या होतात, आणि १५ ऑगस्टला, मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणास, ख्रिस्ती घरांतही होतात. धर्म बदलला, पण हळदीच्या रोपाने आपला महिना बदलला नाही. नव्या कणसांचेही तसेच. ऋषिपंचमीस अनेक हिंदू घरांत नवे, म्हणजे भाताची नवी कणसे, पूजून दारावर बांधतात. राय व ताळगाव येथील ख्रिस्ती बांधव ऑगस्टमध्येच कणसांचे फेस्त करतात, ताळगावात ते २१ तारखेस असते. चर्चमध्ये आशीर्वाद मिळालेली कणसे घरोघरी नेली जातात. शेताचा मान राखावयाचा हा संस्कार दोन्ही घरांत एकाच मुळापासून आलेला आहे, हे वेगळे सांगावयास नको.

नेवरीची कथा याहून गोड. चवथीस हिंदू घरांत ती अनिवार्य. नाताळात ख्रिस्ती घरांत तीच नेवरी दोदोल, बिबिंका व कुलकुलांच्या पंगतीस बसते. कुलकुल हा तर मुलांचा उद्योग : गोड पिठाची गोळी स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळली की शिंपल्यासारखी रेघोट्यांची वळी तयार होते. नेवरीत ओल्या खोबऱ्याचे चून घातले तर ती एक-दोन दिवसांतच संपवावी लागते. सुके खोबरे, तीळ, भाजलेला रवा किंवा डाळीचे पीठ घातले तर डब्यात पंधरवडाभर राहते. कड बंद करण्याच्या दोन रीती. कातण फिरविली की काम लौकर उरकते. पण हाताने घातलेली मुरड, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एकेक घडी मागे वळवीत नेलेली, हीच खरी कारागिरी. तुपात किंवा तेलात ती उकलत नाही. एकत्र कुटुंबाच्या घरी ताटातील मुरड पाहून ती थोरल्या सुनेची की धाकटीची हे ओळखता येई, असे जुनी माणसे सांगत. नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांस गोडधोडाचे ताट पाठविण्याच्या रीतीला 'कोंसोआद' म्हणतात. ज्या हिंदू घरांतून चवथीस नेवऱ्या गेलेल्या असत, त्यांच्याकडे डिसेंबरात ते ताट येई. सोवळ्यातली आजी त्यातील पदार्थ खात नसे, परंतु ताट रिकामे परत करीत नसे.

कागद व बांबूच्या कामाचेही असेच देणेघेणे. दिवाळीचा आकाशकंदील आणि नाताळचे नखेत्र ही दोन्ही बांबूच्या काम्या तासून, खळीने पातळ कागद चिकटवून होत असत. काम्या समान जाडीच्या नसतील तर दोन्ही एकाच रीतीने वाकडी होत.

हे सर्व काम कोणी केले? माटोळीची चौकट टांगणे व रानातला माल आणणे पुरुषांचे, पण उरलेले बहुतेक सर्व स्त्रियांचे. देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदवह्या पाहिल्या तर त्यांत पुरुषांचीच नावे पिढ्यान्‌पिढ्या आढळतात. १८८६ व १९३३ सालच्या कायद्यांनी महाजनकीचे हक्क आणि कारभार नियमबद्ध केले, तेव्हाही पातोळीचे माप किंवा मुरडीची रीत कोणाच्या दप्तरी चढली नाही. ती चढण्याची गरज कोणास वाटलीही नसेल. तरीही सण ज्या बिकट काळातून पार पडला त्याचा हिशेब मांडताना ही बाजू कोरी ठेवणे न्यायाचे होणार नाही.

१९ डिसेंबर १९६१ नंतर भय सरले. त्यानंतरच्या दशकांत सवड सरली. आज पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव येथे चवथीच्या आधी माटोळीचा बाजार भरतो आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागांतील स्त्रिया तेथे रानमाल घेऊन बसतात. त्यांच्या हाती त्या आठवड्यात चार पैसे पडतात ही समाधानाची गोष्ट. पण विकत घेणाऱ्याच्या मुलास नागलकुडा कोठे उगवतो हे आता ठाऊक नसते. नेवऱ्याही डब्यांतून तयार मिळतात, बहुधा कातणीने कापलेल्या. राज्याचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते. तीमुळे विसरलेली नावे पुन्हा ऐकू येऊ लागली, हे खरे आहे. मात्र शेकडो वस्तू जमविण्याच्या चुरशीत दुर्मिळ वेली मुळापासून उपटल्या जाऊ लागल्या तर माटोळीचा मूळ हेतूच हरपेल. जुनी माणसे वेलाला एक तरी फळ बीजासाठी राखून ठेवीत.

कागदाचा गणपती पूजणाऱ्या घरांची रीत मात्र बदललेली नाही. उत्तरपूजा झाली, दहीपोहे वाटून झाले, की चित्र काढून घडी घालतात व कापडात गुंडाळून पेटीत ठेवतात. माटोळी उतरवली जाते. नारळ व केळी घरात आणि शेजारी वाटली जातात, पाने गोठ्यात जातात, कवंडळे विहिरीत किंवा ओढ्यात सोडतात. चौकट पुसून, वाखाचे तुकडे काढून टाकून, ती पुन्हा माळ्यावर चढते.