ग्रंथिरोगांचीं फसवीं लक्षणें

थकवा हें लक्षण मोठें फसवें आहे. अशक्तपणा, उदासी, कामांत मन न लागणें, थोड्याशा श्रमानें ग्लानि येणें, एवढ्या तक्रारींवरून कोणती ग्रंथि बिघडली आहे हें सांगणें अनुभवी वैद्यासहि कठीण जातें. शरीरांतील निरनिराळ्या ग्रंथी रक्तांत आपापले स्राव सोडतात. परंतु त्यांपैकीं एखादा स्राव आटला म्हणजे रोगी बहुधा एकच वाक्य बोलतो, ‘अंगांत त्राण नाहीं.’ या वाक्यामागचे भिन्न रोग वेगळे ओळखण्यास वैद्यकशास्त्रास सुमारें शंभर वर्षें लागलीं.

लंडनच्या गाइज् रुग्णालयांतील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनीं १८५५ सालीं अकरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. वाढती दुर्बलता, क्षीण नाडी, पोटाच्या तक्रारी आणि त्वचेस चढणारा काळसर वर्ण, अशी त्यांची अवस्था होती. मृत्यूनंतर पाहतां, मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त आढळल्या. कित्येकांत त्या क्षयानें पोखरल्या होत्या. पुढच्याच वर्षीं ब्राऊन-सेकार यांनीं प्राण्यांवर प्रयोग करून, या ग्रंथींवांचून जीव तग धरीत नाहीं असें दाखविलें.

१८७३ मध्यें त्याच रुग्णालयाचे सर विल्यम गल यांनीं पांच स्त्रियांचें वर्णन केलें. त्याहि थकलेल्या व मंद झालेल्या होत्या. पण चेहरा सुजट आणि बोलणें जड. १८८३ मध्यें बर्नचे शस्त्रवैद्य कोखर यांस दिसलें कीं, ज्यांची संपूर्ण थायरॉइड ग्रंथि त्यांनीं काढली त्यांतील बहुतेकांस हीच अवस्था येते. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीनें १८८८ मध्यें या सर्वांचें मूळ थायरॉइडच्या अभावांत आहे असा निर्णय दिला. १८९१ मध्यें जॉर्ज मरे यांनीं ४६ वर्षांच्या एका स्त्रीस मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती आणखी २८ वर्षें जगली; त्या अवधींत ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामीं आल्या.

अशा रीतीनें दोन रोगांच्या दोन वाटा ठरल्या. परंतु १९२६ मध्यें जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मिट यांनीं दोन्ही ग्रंथी एकाच देहांत नष्ट झाल्याचीं उदाहरणें मांडलीं. त्याचें स्पष्टीकरण पुढें मिळालें. जपानच्या हाशिमोटो यांनीं १९१२ मध्यें वर्णिलेल्या थायरॉइडच्या विकारांत शरीराची रक्षणव्यवस्था स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, हें १९५६ मध्यें लंडनमध्यें सिद्ध झालें. जी व्यवस्था एका ग्रंथीवर उलटते ती दुसरीवरहि उलटूं शकते.

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचें उदाहरण येथें बोलकें आहे. त्यांस १९४७ मध्यें ॲडिसनचा रोग असल्याचें निदान झालें आणि १९५५ मध्यें थायरॉइडहि मंद असल्याचें आढळलें. निवडणुकीच्या काळांत हा रोग लोकांपासून झांकून ठेवण्यांत आला होता.

दोन्ही रोग एकत्र असतां उपचाराच्या क्रमास प्राणाचें मोल येतें. थायरॉइडचा स्राव देहाचे व्यवहार वेगानें चालवितो व अधिवृक्काच्या कॉर्टिसोलचाहि व्यय वाढवितो. ज्याची अधिवृक्क आधींच दुबळी आहे त्यास केवळ थायरॉइडचें औषध दिलें, तर उपकाराऐवजीं घात होतो. म्हणून प्रथम कॉर्टिसोलची उणीव भरून काढावी व मागून थायरॉइडची, असा नियम झाला.

रक्तांतील अत्यल्प स्राव मोजण्याची रीत यॅलो आणि बर्सन यांनीं १९५९ च्या सुमारास सिद्ध केली. त्याबद्दल यॅलो यांस १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण मापहि कधीं कधीं चकवितें. अधिवृक्क दुबळी असतां थायरॉइडला चालना देणाऱ्या स्रावाचा आंकडा वाढलेला दिसूं शकतो, आणि कॉर्टिसोल मिळतांच तो उतरतो. म्हणून केवळ आंकड्यावर निदान उभारूं नये. वजन घटतें कीं वाढतें, त्वचा काळवंडते कीं कोरडी व सुजट होते, उभें राहतांच भोंवळ येते काय, हे जुने प्रश्न अद्याप विचारावे लागतात.

हे रोग घेऊन माणसें आज दीर्घकाळ जगतात. मात्र ॲडिसनच्या रोग्यानें ताप किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळीं वैद्याच्या सल्ल्यानें मात्रा वाढवावी लागते, औषध एकाएकीं सोडतां येत नाहीं आणि रोगाची चिठ्ठी जवळ बाळगावी लागते. घरांतील माणसांनींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: थकलेला माणूस आळशीच असतो असें नाहीं, आणि एका रोगाचें नांव सांपडलें म्हणजे शोध संपला असेंहि नाहीं.