युरोस्टॉमीनंतर घरी राहताना: रोजची काळजी आणि पिशव्यांचा खर्च

कर्करोगामुळे मूत्राशय काढावे लागले, की लहान आतड्याचा तुकडा वापरून लघवीसाठी पोटावर, बहुधा उजव्या बाजूला, नवी वाट केली जाते. तिच्या तोंडाला स्टोमा म्हणतात. लघवी तेथून सतत झिरपते, रोखता येत नाही. म्हणून पिशवी कायम लावावी लागते.

योजनेत काय मिळते?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मोफत मिळतात. वय ७० किंवा अधिक असल्यास उत्पन्नाची अट नाही. मात्र घरी आल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरताच धरला जातो. पिशव्या तर आयुष्यभर लागणार. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच आरोग्य मित्राला विचारा: घरी जाताना किती पिशव्या मिळतील? पिशवी बदलायला नर्सकडून शिका, घरातील एकालाही शिकवा.

घरी काय करावे?

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. जड झाली की चिकटलेला भाग सुटतो. बदलायची ती सकाळी, चहापाण्याआधी, कारण तेव्हा लघवी कमी येते. त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल किंवा क्रीम नको. भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठे कापा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्टोमा आक्रसतो, तेव्हा माप पुन्हा घ्या. रात्री मोठी पिशवी नळीने जोडली की झोप मोडत नाही.

लघवीत पांढरट, चिकट स्राव दिसेल. तो आतड्याचा आहे, पू नव्हे.

खर्च वाचवण्यासाठी गळकी पिशवी ओढत नेऊ नका. त्वचा सोलवटली की नवी पिशवीही चिकटत नाही आणि खर्च वाढतो. पिशवी कमी भरावी म्हणून पाणी कमी पिणे तर त्याहून वाईट. त्याने जंतुसंसर्ग आणि मुतखड्याचा धोका वाढतो.

थंडी वाजून ताप, कमरेत दुखणे, लघवी थांबणे किंवा स्टोमा काळा-जांभळा होणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच रुग्णालय गाठा. तपासणीसाठी लघवीचा नमुना वापरातल्या पिशवीतून देऊ नका.

प्रवास

उपचार किंवा फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वे भाड्यात सवलत आहे. स्टोमा असलेल्यांना मासिक व त्रैमासिक पासावर वेगळी सवलत मिळते. ती फारशी कोणाला माहीत नसते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र रेल्वेने ठरवलेल्या नमुन्यातच घ्या.

आयुष्मान योजनेच्या माहितीसाठी दूरध्वनी: १४५५५.