इंग्रजी कायद्याची परकी बोली

कायद्याच्या परीक्षेस बसणारा विद्यार्थी इंग्रजी कितीही चांगलें जाणत असला तरी पहिल्याच पुस्तकाशीं अडखळतो, हें आम्ही गेलीं अनेक वर्षें पाहत आलों आहों. शेक्सपिअर पचविलेल्या मुलासही 'टॉर्ट', 'मॉर्गेज', 'इस्टॉपेल' हे शब्द मंत्राप्रमाणें घोकावे लागतात, आणि उणीव आपल्या इंग्रजीची आहे अशी त्याची समजूत होऊन बसते. ती समजूत दूर व्हावी एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच. हे शब्द मुळीं इंग्रजी नव्हेतच. आणि ज्या देशांत ते रूढ झाले तेथील प्रजेलाही ते शतकानुशतकें कळत नव्हते.

इ. स. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि दरबारांतून इंग्रजी हद्दपार झाली. पुढें तेराव्या शतकांत राजाचीं न्यायालयें स्थिरावलीं, तेव्हां वकिलांचे वाद फ्रेंचमध्यें होऊं लागले व दप्तर लॅटिनमध्यें लिहिलें जाऊं लागलें. ज्याची जमीन जावयाची तो शेतकरी दोहोंपैकीं एकही भाषा न समजतां न्यायाधीशाच्या तोंडाकडे पाहत उभा राही. ज्यूरी, ॲटर्नी, व्हर्डिक्ट, बेलीफ हे सारे शब्द याच वाटेनें आले. ज्यूरी म्हणजे शपथ घेतलेली मंडळी. व्हर्डिक्ट म्हणजे सत्यवचन. ॲटर्नी म्हणजे आपल्या जागीं नेमलेला माणूस. इस्टॉपेल हा तर बुचाचा भाऊबंद. एकदां एक सांगून दुसऱ्यास त्यावर विसंबूं दिलें, कीं मागाहून उलट बोलूं पाहणाराचें तोंड बुचासारखें बंद करावयाचें, एवढाच त्याचा अर्थ! मॉर्गेजचा शब्दशः अर्थ 'मृत गहाण'. पंधराव्या शतकांत लिटल्टननें याचा खुलासा असा केला, कीं कर्ज फिटलें नाहीं तर जमीन ऋणकोस मेली, आणि फिटलें तर सावकारास मेली. हा खुलासा व्युत्पत्तिशास्त्रास कितपत मानवेल तें असो; पण एकदां ऐकलेला विद्यार्थी तो विसरत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

प्रजेची ही अडचण राज्यकर्त्यांस दिसत नव्हती असें नाहीं. तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दींत, १३६२ सालीं, पार्लमेंटानें कायदा केला कीं पक्षकारांस आपल्या बाजूनें वा विरुद्ध काय बोललें जातें हें कळत नाहीं, सबब यापुढें वाद इंग्रजींत व्हावे. मौज ही कीं हा कायदाच फ्रेंचमध्यें लिहिला होता! दप्तराची लॅटिनही त्यानें कायम ठेवली. आणि वकिलांनीं आपलीं टिपणें व निवाड्यांचे वृत्तांत पुढें तीनशें वर्षें फ्रेंचमध्येंच लिहिले. अर्थात् ती फ्रेंच पॅरिसच्या माणसास ओळखतां आली नसती. १६३१ सालीं सॅलिसबरी येथें एका कैद्यानें मुख्य न्यायाधीश रिचर्डसन यांजवर विटेचा तुकडा फेंकला. त्या प्रसंगाचें जें फ्रेंच टिपण राहिलें आहे त्यांत विटेचा तुकडा इंग्रजी आहे, आणि नेम थोडक्यांत चुकला हेंही इंग्रजींतच आहे. तें वाचून आज लोक हंसतात. त्या कैद्याचा उजवा हात तोडून त्यास तेथल्या तेथें फांशीं दिलें, हें मात्र हंसणाराच्या ध्यानांत राहत नाहीं.

क्रॉम्वेलच्या काळीं, १६५० मध्यें, इंग्रजीचा कायदा झाला. १६६० मध्यें राजा परतला तसा तो गेला. अखेर १७३१ च्या कायद्यानें २५ मार्च १७३३ पासून इंग्रजी आली, तरी कांहीं पारिभाषिक शब्द भाषांतरांत हास्यास्पद होतात म्हणून जुन्याच रूपांत वापरण्याची मोकळीक लगेच द्यावी लागली. पुढें ब्लॅकस्टननें लिहून ठेविलें, कीं इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही प्रजा कायद्याविषयीं पूर्वींइतकीच अज्ञ आहे. ब्लॅकस्टन जुन्या दप्तराचा चाहता होता, तेव्हां त्याचें बोलणें थोडें पारखून घ्यावें. पण त्यांत तथ्य नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं.

न समजणाऱ्या भाषेचा परिणाम काय होतो हें 'कल्प्रिट' या एका शब्दांत दिसतें. आरोपीनें 'मी दोषी नाहीं' असें म्हटलें, कीं सरकारी कारकून फ्रेंचमध्यें उत्तर देई: 'दोषी आहेस, आणि आम्ही सिद्ध करण्यास तयार आहों.' दप्तरांत याची दोन तुटक अक्षरें उरलीं. पुढच्या कारकुनांस फ्रेंच कळेना. त्यांनीं तीं जोडून वाचलीं आणि आरोपीस त्याच नांवानें हांक मारूं लागले, अशी या शब्दाची उपपत्ति सांगतात. १६७८ च्या एका प्रसिद्ध खटल्यांत तो प्रथम आढळतो. दोष नाकारणाऱ्या माणसाचें नांवच अपराधी पडलें!

दस्तऐवजांतील जोडशब्दांनींही विद्यार्थी त्रासतो. 'विल' आणि 'टेस्टमेंट' यांत भेद काय, असें तो विचारतो. पहिला इंग्रजी, दुसरा लॅटिन. आतां भेद कांहींच उरलेला नाहीं. आपल्या कागदपत्र, धनदौलत, मानमरातब या शब्दांतही एक घरचा व एक फारसी-अरबी मुलखाचा असे दोन जोडीदार नांदतातच कीं. मात्र 'डिक्री' आणि 'जजमेंट' यांची गोष्ट तशी नव्हे. चॅन्सरी न्यायालय डिक्री देई, सामान्य कायद्याचीं न्यायालयें जजमेंट देत; मृत्युपत्रें, विवाह व समुद्रावरील तंटे रोमन कायद्यांत मुरलेल्या निराळ्याच पंडितांकडे जात. १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनीं हीं सर्व न्यायालयें एकत्र झालीं, पण प्रत्येकाची बोली मागें राहिली. म्हणून कोणता शब्द कोणत्या दालनांतून आला हें शिकविल्यावांचून निव्वळ कोश हातीं देणें व्यर्थ आहे.

हें सगळें गाठोडें आमच्याकडे आलें तेव्हां येथेंही पाटी कोरी नव्हती. राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजविले. तरी वकील आणि फिर्याद जागचे हलले नाहींत. मुंबईचें सुप्रीम कोर्ट १८२४ पासून इंग्रजी बोले, आणि कंपनीच्या सदर अदालतींत दिवाणी-फौजदारीचा शब्दसंसार होता. १८६२ सालीं दोहोंचें मिळून हायकोर्ट झालें. आज खेड्यांतला म्हातारा 'बेलीफ समन्स घेऊन आला' असें सांगतो, तेव्हां दोन्ही शब्द इंग्रजांनीं फ्रेंचांकडून उसने घेतलेले असतात, आणि त्यास त्यांचा अर्थ पुरता कळतो. तोच म्हातारा अपिलासाठीं उच्च न्यायालयांत आला कीं तेथें इंग्रजी चालते. १३६२ पूर्वींचा इंग्रज शेतकरी जसा उभा राही तसा तो उभा राहतो.

इकडे इंग्लंडनें २६ एप्रिल १९९९ पासून दिवाणी कामाचे नवे नियम लागू करून 'प्लेंटिफ' शब्द मोडींत काढला आणि त्या जागीं 'क्लेमंट' घातला. 'रिट' जाऊन साधा दाव्याचा नमुना आला, आणि कांहीं लॅटिन प्रयोगांसही रजा मिळाली. आमच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत प्लेंटिफ आहे तसाच आहे. लंडनचा ताजा निवाडा आणि मुंबईचा दावा एकाच टेबलावर ठेवून वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यास म्हणून दोन्ही शब्द शिकावे लागतात.