नागपाड्याचं मैदान



बास्केटबॉल म्हटलं की मोठ्या कॉलेजांचा खेळ वाटतो. पण मुंबईत तो नागपाड्यासारख्या दाटीच्या, कष्टकरी वस्तीत रुजला. १९२० च्या दशकात अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ उभं केलं. १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था याच वास्तूत सुरू झाली. देवनारची ‘टिस’ ती हीच.

याच नागपाड्यात गुलाम अब्बास मुंतसिर वाढले. जन्म १९४२ चा. घरची परिस्थिती बेताची, शेजारी कामाठीपुरा. गल्लीतल्या खेळातून ते भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

गुण त्यांचे, मेहनतही त्यांचीच. पण खेळ घरापासून हाकेच्या अंतरावर होता, हे विसरू नका. मुलींना लांब पाठवायला आपण कचरतो. मग मैदानच जवळ हवं ना?

गटाच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, की एवढं विचारा: आपल्या शाळेचं पटांगण संध्याकाळी मुलींना खुलं असतं का? नसेल, तर ग्रामसभेत सगळ्याजणींच्या सह्यांचा अर्ज द्या.