फोर्ट बेंड : मळे, कैदी आणि मतपेटी

अमेरिकेतील ह्यूस्टन महानगराच्या नैर्ऋत्येस, ब्राझोस नदीच्या वळणावर फोर्ट बेंड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्हा. २०२० च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या ८,२२,७७९ भरली. गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे आणि आशियाई असे चार मोठे समाज तेथे नांदतात व त्यांपैकी एकही निम्म्यावर नाही. एवढ्यावरून या उपनगरी प्रदेशास सलोख्याचा आदर्श ठरविण्याचा मोह होतो. परंतु आम्हांस वाटते, शिरगणतीचे आकडे वाचण्यापूर्वी तेथील मतपेटीचा इतिहास वाचावयास हवा.

ही काउंटी १८३७ मध्ये स्थापन झाली. उसाच्या व कापसाच्या मळ्यांत गुलाम राबत; यादवी युद्धापूर्वीच त्यांची संख्या गोऱ्यांहून अधिक होती. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पुढे मताधिकार मिळाला आणि बहुमताच्या बळावर कृष्णवर्णीयांचे प्रतिनिधी अधिकारपदांवर आले. मळेवाल्यांना मात्र मजूर हवेच होते; सरकारने त्यांना कैदी भाड्याने दिले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीयच असत. शुगर लँड येथे २०१८ मध्ये शाळेच्या बांधकामात ९५ जणांचे अवशेष सापडले, ते अशाच कैद्यांचे होत असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

सत्ताही फार काळ टिकली नाही. १६ ऑगस्ट १८८९ रोजी रिचमंड या मुख्य ठिकाणी, कचेरीपाशी, धनिक गोऱ्यांचा ‘जेबर्ड’ पक्ष आणि कृष्णवर्णीयांच्या मतांवर निवडून येणारा ‘वुडपेकर’ पक्ष यांच्यात गोळीबार झाला. जेबर्डांची सरशी झाली. त्यांनी संघटना स्थापून उमेदवार निवडण्यासाठी केवळ गोऱ्यांचे मतदान घेण्यास आरंभ केला. त्यात जिंकणारा पुढील निवडणुकांत बहुधा बिनविरोध निघे. कृष्णवर्णीयांस मत देण्याची मनाई नव्हती. पण त्यांची पाळी येईपर्यंत निवड झालेली असे! विचारणा झाली, तर आमचे हे खाजगी मंडळ आहे, असे उत्तर ठरलेले.

४ मे १९५३ रोजी ‘टेरी विरुद्ध अ‍ॅडम्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रीत घटनाबाह्य ठरविली. तोवर भारतात प्रौढ मताधिकारावरील पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडून वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

पुढे ह्यूस्टन विस्तारले, १९६५ च्या कायद्याने आशियाईंना वाट मोकळी झाली, मळ्यांच्या जागी वसाहती उठल्या. २००३ मध्ये शुगर लँडचा साखर कारखानाही बंद पडला. २०१८ मध्ये केरळात जन्मलेले के. पी. जॉर्ज काउंटीच्या प्रमुखपदी निवडून आले. ज्या कचेरीपाशी १८८९ मध्ये बंदुकीने निकाल लागला, त्याच काउंटीत हा निकाल मतांनी लागला. अनेक समाज एका ठिकाणी राहू लागले म्हणजे समतेचे काम संपले, असे नव्हे. फोर्ट बेंडमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य असतानाच त्यांचे मत निष्फळ करण्यात आले होते, हे आम्ही विसरू नये.