ड्रॅगन चालतो, मग कड्यावर चढणारा घोडा का खटकतो?

पाऊस उघडून हवा स्वच्छ झाली की कल्याण-डोंबिवलीतल्या उंच इमारतींच्या गच्चीवरून मलंगगडाचा सरळसोट कडा दिसतो. त्या कड्यावर घोडा चढवायचा विचार कुणी करणार नाही. पण २०११ साली आलेल्या 'स्कायरिम' या गेममध्ये घोडे असल्याच उभ्या डोंगरांवर टापा आपटत चढतात आणि त्यावरचे विनोद अजून फिरतात. गंमत म्हणजे त्याच गेममध्ये ड्रॅगन उडतात, नायक नुसत्या आरोळीने समोरच्याला हवेत भिरकावतो. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

असं का होतं?

ड्रॅगन कसा उडतो, हे आपल्याला ठाऊक नसतं. गेम जे सांगेल ते आपण मान्य करतो. घोडा मात्र आपल्या ओळखीचा असतो. तो चढावर दमतो, घसरतो, अडतो. हा घोडा जादूचा आहे असं गेमने आधीच सांगितलं असतं, तर कुणाला काही वाटलं नसतं. न सांगता ओळखीचा नियम मोडला की खेळणारा त्या जगातून बाहेर फेकला जातो.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांनी १९३९ मधल्या एका व्याख्यानात हेच मांडलं होतं. हिरवा सूर्य कल्पिणं सोपं असतं, पण तो जिथे पटेल असं जग उभं करायला मेहनत लागते.

मराठी वाचकालाही ही ओढाताण जुनीच आहे. १८५७ मध्ये बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ने विधवांची खरी परिस्थिती मांडली आणि त्यानंतर लाट आली ती 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची.

मग भूक, थकवा, पाऊस सगळंच हवं का?

नाही. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) या झेल्डा मालिकेतल्या गेममध्ये कडा चढताना नायकाचा दम संपतो, पावसात हात निसटतात आणि वादळात अंगावर धातूचं शस्त्र असेल तर वीज पडते. यातल्या प्रत्येक गोष्टीमुळे खेळणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागतं. पाऊस थांबेपर्यंत थांबायचं की वळसा घ्यायचा? तलवार काढून ठेवायची की शत्रूच्या पायाशी टाकायची?

'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८) दुसऱ्या टोकाला जातो. त्यात जादू नाही, ड्रॅगन नाही. नायकाला जेवावं लागतं, झोपावं लागतं आणि हवं तेव्हा गेम सेव्ह करायचा तर एक खास दारू जवळ असावी लागते. त्या जगात मुरायला वेळ असेल तर हे सगळं झकास. पण रात्री नऊला लोकलमधून उतरून जेमतेम पाऊण तास हाती लागणाऱ्या डोंबिवलीकराला हे वास्तव नको असतं. ते त्याने दिवसभर भोगलेलंच असतं.

शरीराच्या हालचालींचं वास्तव मात्र जवळपास सगळ्यांनाच आवडतं. १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'साठी जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची हालचाल काढली.

आपल्याकडे कुणी हे केलंय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला. राक्षस लहान भावाला, गोलूला पळवून नेतात आणि राजी त्याच्या शोधात निघते. ती सर्कशीत काम करणारी मुलगी आहे, हा मला त्यातला सर्वात हुशार निर्णय वाटतो. भिंतीवर धावणं, खांबाला गिरकी घेऊन वार करणं हे तिच्या अंगात आधीपासूनच आहे, त्यामुळे वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, तिला बळ देतात. पण आपण खेळतो ते माणसाच्या बाजूने. राजी दहा वेळा मरून पुन्हा उठली तरी कुणाच्या भावना दुखावत नाहीत. देवाला तसं हरवता येणं अवघड होतं. 'स्माइट' या अमेरिकी गेममध्ये कालीमाता खेळण्यातलं पात्र झाली, तेव्हा २०१२ मध्ये आक्षेप घेतले गेले होते.

'राजी'तले वाडे-महाल राजस्थानी वास्तुकलेवर बेतलेले आहेत. पात्रं मात्र सुरुवातीला इंग्रजीत बोलत होती, आणि कान तिथे अडायचा. २०२२ च्या नव्या आवृत्तीत हिंदी आवाज आले.

आणि असा गेम ठाणे जिल्ह्यात घडला तर?

तर वाळूच्या रंगाचे महाल चालणार नाहीत. इथला दगड काळा, चार महिने ओला. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखानुसार १०६० सालचं. तिथे सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. अंधाराकडे उतरत जाणारी ही रचना गेम डिझायनरला जवळजवळ तयारच मिळते. कल्याणला दुर्गाडी किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं, त्यानंतर इथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. तिच्या तळाशी सात डोक्यांचा राक्षस ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त ओहोटीला त्याची पाठ चिखलातून वर दिसायला हवी.